नाकिवाला आणि नान्तुमेच्या पायाची बोटं

मसाकाच्या बाजारात केळीचे घड विकणारी नाकिवाला गिऱ्हाइकाचं तोंड बघत नाही, पाय बघते. घडावर टिचकी मारणाऱ्याचे पाय रस्त्याकडे वळलेले असले की ती भावसुद्धा सांगत नाही. हातातली पिशवी त्याने खाली टेकवली की मात्र उठून उभी राहते.

"न्याबो, तोंडाला खोटं बोलायची सवय असते," ती मला म्हणायची. बायांना इथे मानाने न्याबो म्हणतात. "पायांना कुठली एवढी अक्कल!"

वीस वर्षं आम्ही शेजारी आहोत. माझे यजमान इथल्या कॉफीच्या कारखान्यात. मी मायदेशातून इथे नवी आले तेव्हा नाकिवालाची भाची नान्तुमे माझ्या दारात खेळायची. एकदा तिला विचारलं, "जेवलीस का गं?" तिने नुसत्या भुवया उचलल्या. पुन्हा विचारलं, पुन्हा भुवया. मला वाटलं, पोर लाजतेय, उपाशी असेल. वाढलं ताट. तिने ते निमूट संपवलं. नाकिवाला हसून हसून चटईवर आडवी झाली. "अगं, ती कधीची हो म्हणतेय! आम्ही हो असंच म्हणतो."

तेव्हापासून मीही तोंडापेक्षा भुवयांकडे जास्त बघते.

नाकिवाला नान्तुमेची सेंगा, म्हणजे बापाची बहीण. इथे मुलीच्या लग्नाचं पहिलं बोलणं आईबापांकडे होत नाही, सेंगाकडे होतं. मुलगा दोन-तीन मित्रांना घेऊन आधी तिच्या घरी येतो, मागणीचं पत्र ठेवतो. तिने ते भावाकडे पोचवलं तर पुढची मोठी बोलणी. मुलगी त्या वेळी खाली बघून गप्प असते. तिच्या मनातलं ओळखायचं काम सेंगाचं.

या कामात नाकिवालाची एक चूक झाली होती. थोरली भाची नामुली हिच्या वेळी पाहुण्यांपुढे बसल्या बसल्या नामुलीने चटईची एक काडी उसवून काढली होती. नाकिवालाने ते बघितलं होतं. पण घराणं चांगलं, मुलगा शिकलेला, म्हणून तिने पत्र पुढे दिलं. दोन वर्षांनी नामुली एक पिशवी घेऊन परत आली. कोणी नाकिवालाला बोल लावला नाही. तीच रोज जपमाळ घेऊन बसली की नामुलीचं नाव आधी घ्यायची.

त्यामुळे गेल्या वर्षी शाळेत मास्तर असलेला लुतालो नान्तुमेसाठी येणार असं ठरलं, तेव्हा नाकिवाला चार दिवस नीट जेवली नाही. "या वेळी मी डोळे उघडे ठेवणार," एवढंच म्हणाली.

त्या सकाळी नान्तुमे लंगडत माझ्याकडे आली. केळीच्या बागेत कुदळ निसटून पावलाच्या वरच्या बाजूला लागली होती. मी हळद भरून पट्टी बांधली.

"सेंगाला सांगू नका हं. आजचा दिवस पुढे ढकलेल ती."

"एवढी घाई झालीय?"

तिने भुवया उचलल्या आणि पळाली, लंगडतच.

दुपारी पाहुणे आले. मी मागच्या चुलीपाशी केळीच्या पानात बांधलेलं मटोके, म्हणजे सोललेली कच्ची केळी, उकडत होते, शेंगदाण्याचं कालवण ढवळत होते. नान्तुमे पायघोळ गोमेसी नेसून बाहेर गेली, गुडघे टेकून एकेकाला नमस्कार करून आली. सगळं रीतसर. जेवणं झाली. मग नाकिवालाचा आवाज आला, "पत्र परत घेऊन जा, मास्तर. आमची मुलगी अजून लहान आहे."

चोवीस वर्षांची मुलगी! पाहुणे परतीची गाडी पकडायला बसथांब्यावर गेले. नान्तुमे भांडी गोळा करायला लागली. सेंगाच्या शब्दापुढे इथे मुली बोलत नाहीत.

नाकिवाला आत येऊन पाटावर टेकली. चेहरा अगदी निवलेला. "सुटली पोर. बरं झालं माझं लक्ष होतं."

"काय बघितलंस?"

"ज्या मुलीला बसायचंय ती गुडघे टेकते तेव्हा पावलं चटईवर आडवी सोडते. हिची बोटं उभी होती. गोमेसीच्या काठाखालून दिसली मला. उठून पळायच्या तयारीत होती."

"अगं बाई, तिचं पाऊल आडवं होणार कसं? सकाळीच कुदळ लागलीय. मीच पट्टी बांधली."

नाकिवालाने नान्तुमेला हाक मारली. गोमेसीचा काठ वर करायला लावला. पिवळी पट्टी दिसली. खाली वाकून तिने पट्टीवरून हळूच बोट फिरवलं.

"नान्तुमे," ती म्हणाली, "मी कधी विचारलं नाही, आज विचारते. तुला तो हवाय का? आणि भुवया हलवायच्या नाहीत."

"हवाय, सेंगा," नान्तुमे म्हणाली आणि रडायला लागली.

सेंगाने नवऱ्या मुलामागे धावायचं, हे मसाकात कोणी ऐकलं नसेल. पण पाहुण्यांना रिकाम्या हाताने पाठवू नये हेही इथलंच. नाकिवालाने परसातला मोठा घड उचलला. "परतभेट द्यायची राहिली," ती म्हणाली. भाड्याच्या मोटरसायकलवर पुढे चालवणारा, मध्ये ती, मागे मी, आणि मांडीवर आडवा घड. रस्ताभर लोक बघत होते. मी मनात देवाचं नाव घेत होते. घड पडू नये म्हणून, आणि गाडी सुटू नये म्हणूनही.

गाडी सुटली नव्हती. लुतालो खिडकीशी बसला होता. आम्हाला बघून तो घाईघाईने उतरला. त्याचा एक मित्र म्हणाला, "सेंगा, आमचं काही चुकलं का?"

"तुमचं नाही." तिने घड त्याच्या हातात दिला. मग लुतालोकडे वळली. मला वाटलं, आता ती त्याचे पाय बघणार. तिने बघितले नाहीत.

"मास्तर, आमची मुलगी मनापासून हवी आहे का?"

लुतालोने भुवया उचलल्या.

"तसं नको," नाकिवाला म्हणाली. "आज माझा माझ्याच डोळ्यांवर भरवसा नाही. तोंडाने सांग."

"हवी आहे, सेंगा. दोन वर्षांपासून."

"मग आण ते पत्र." तिने हात पुढे केला. लुतालोने उजव्या हाताने पत्र दिलं, डावा हात मनगटाला लावून, अगदी रीतीप्रमाणे. नाकिवालाने ते कमरेच्या पट्ट्यात खोचलं आणि मला म्हणाली, "चल न्याबो, भावाकडे जाऊ. परत जाताना तू मध्ये बस, मला फार दाटी झाली."