मेबल, व्हर्नाबाई आणि बेरीचा डोंगर

सप्टेंबरातल्या त्या शनिवारी व्हर्नाबाई टॉलेफसन साडेपाचलाच उठून बसल्या. जत्रेला निघालेल्या पोरीसारख्या. बाईंचं वय एकोणसत्तर. गुडघ्यांचं विचाराल तर ते बाईंपेक्षा दहाएक वर्षांनी मोठे असावेत. तरी पायांत बूट घालून, पाठीवर पिशवी चढवून, कमरेला अस्वलासाठीचा मिरचीचा फवारा लटकवून बाई सहा वाजता तयार होत्या आणि तयार नसलेल्या मेबलकडे बघत होत्या.

मेबल त्यांची कुत्री. चौदा वर्षांची. अर्धी गुरं हाकणाऱ्या जातीची आणि उरलेली अर्धी, कुंपणावरून त्या दिवशी जो कोणी उडी मारून आला होता त्याच्या जातीची. कान गेलेले, डाव्या डोळ्यात दुधाळ ढग, आणि मागचे दोन्ही पाय एकमेकांशी बोलत नसल्यासारखे वेगवेगळ्या दिशांना पडणारे.

टेबलावर गोळ्यांचे दोन डबे होते. निळा बाईंचा, लाल मेबलचा. दोघींच्या गोळ्या सांध्यांच्याच. मागच्या हिवाळ्यात एकदा डब्यांची अदलाबदल झाली आणि कलेजीच्या चवीची गोळी चघळत बाईंनी अर्धं वर्तमानपत्र वाचून काढलं. पण त्या दिवशी तळघराचा जिना आपण एका दमात चढलो, हेही त्या सगळ्यांना आवर्जून सांगतात.

एकतीस वर्षं बाईंनी आमच्या या खोऱ्यात टपाल वाटलं. मॉन्टानातल्या इतर गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं, पण बाईंच्या टपालाच्या जुन्या जीपचं उजवीकडे होतं. गाडीतूनच हात बाहेर काढून रस्त्याकडेच्या पेटीत पत्र टाकता यावं म्हणून. शेवटची नऊ वर्षं डाव्या सीटवर मेबल बसायची, खिडकीतून मान बाहेर काढून, अगदी कर्तव्यदक्ष चेहऱ्यानं. समोरून येणाऱ्या नवख्या माणसाला दिसायचं ते एवढंच, की सरकारी जीप कुत्री चालवते आहे. एकानं तर तालुक्याला फोन करून तक्रारसुद्धा नोंदवली होती. तक्रार कुत्रीनं जीप चालवण्याबद्दल नव्हती, तिनं वळताना दिवा दाखवला नाही याबद्दल होती.

अशी ही मेबल गेल्या दोन महिन्यांत फारशी उठेनाशी झाली. जनावरांची डॉक्टर ब्रिंक घरी येऊन तिला तपासून गेली. पोरगी तिशीची, पण हात मऊ आणि बोलणं खरं.

"बाई, औषधानं दुखणं कमी होईल. पण चालायची इच्छा औषधात नसते. ती संपली, की कुत्रं आपणहून सांगतं. तुम्हाला कळेल."

"आणि कळलं तर?"

"तर मला सोमवारी बोलवा. मी घरीच येईन. तिला दवाखान्यात आणू नका."

बाईंनी मान हलवली. डॉक्टर गेल्यावर भांडी घासली, एकच ताट तीनदा घासलं, आणि मग ठरवलं. खोऱ्यात एकच जागा अशी होती, जिचं नाव काढल्यावर मेबल आजवर कधी नाही म्हणाली नव्हती. हकलबेरीचा, म्हणजे जांभळ्या रानबेरींचा, डोंगर. तिथे घेऊन जायचं. ती आपल्या पायांनी चढली, तर सोमवारचा फोन नाही. वाटेत बसली आणि आपल्याकडे बघितलं, तर फोन.

पहिला प्रश्न पिकअपमध्ये चढण्याचाच होता. शेजारच्या ऑरिननं त्यासाठी फळी आणली होती. ऑरिन डॅलगार्ड, वय बहात्तर. उभा जन्म खेचरांच्या पाठीवर सामान लादून डोंगरातल्या छावण्यांना पोचवण्यात गेला. आता त्याच्याकडे खेचरं नाहीत. एक पिवळा, बारा वर्षांचा, भला मोठा गस नावाचा कुत्रा आहे, जो पुढच्या खाऊपर्यंत चालतो आणि तिथे थांबतो.

"काय टपालवाली, किती उशीर!"

"उशीर मला? तुझ्या गसला गाडीत चढवायला क्रेन मागवली होतीस की काय?"

"गस आपणहून चढला. सॉसेज आधी चढलं, मग गस चढला."

मेबलनं फळीकडे पाहिलं, मग ऑरिनकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. फळीवरून चढणं तिला अपमानाचं वाटलं असावं. शेवटी बाईंनीच तिला उचललं. "हे धरू नकोस हं," त्या ऑरिनला म्हणाल्या. "गाडीत चढणं परीक्षेत नाही."

"परीक्षा कसली?"

बाईंनी सांगितली. ऑरिननं गाडी सुरू केली आणि एवढंच म्हणाला, की आज हवा छान आहे.

हवा खरोखरच छान होती. वाटेवर पांढरं दहिवर, लार्चची झाडं पिवळी धमक, आणि वरच्या उतारावर बेरीची झुडपं लालभडक पेटलेली. बेरी पिकली म्हणजे अस्वलं आली. हिवाळ्याच्या झोपेआधी त्यांना दिवसभर नुसतं खायचं असतं. म्हणून आमच्याकडे डोंगरात कुणी गप्प चालत नाही. गप्प माणूस वळणावर अस्वलाच्या अंगावर जाऊन आदळतो. अस्वलाला आधी कळलं, की ते आपणहून बाजूला होतं. जो तो आपापलं काहीतरी ओरडत चालतो. आमचे पाद्री स्तोत्रं म्हणतात, शाळेतल्या बाई पाढे म्हणतात. व्हर्नाबाई टपाल वाटतात.

"पेटी चार, लिंडग्रेन! पेटी पाच, हाल्व्हर्सन, वीजबिल आलंय! पेटी सहा, मिसेस ओगडेन, मुलाचं पत्र!"

"ओगडेनबाई जाऊन अकरा वर्षं झाली," ऑरिन म्हणाला.

"मुलगा लिहीत नव्हता. आता तरी येऊ दे त्यांना एक पत्र."

वाट सुरू झाली तिथेच ऑरिननं गसला पट्टा लावला होता. अस्वलांच्या मुलखात कुत्रं मोकळं सोडायचं नसतं, हे आमच्याकडे रांगणाऱ्या बाळालाही ठाऊक असतं. मोकळं कुत्रं अस्वलावर जातं, अस्वल मागे लागलं की शेपूट घालून मालकाकडे पळत येतं, आणि सोबत अस्वलालाही घेऊन येतं. बाईंनी हा उपदेश एकतीस वर्षं पेट्यांवर चिकटवलेल्या पत्रकांतून घरोघरी पोचवला होता. पण मेबलचा पट्टा त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

"पट्टा?" ऑरिननं विचारलं.

"अरे, पाण्याच्या वाडग्यापर्यंत जायला तिला अर्धा दिवस लागतो. पळून कुठे जाणार ती? आणि पट्टा लावला, की मी तिला ओढतेय का ती चालतेय हे कसं कळणार मला?"

ऑरिनला पटलं. तिथेच दोघंही चुकले. जन्मभर डोंगरात राहिलेल्या माणसांनाच असली चूक जमते.

पहिला मैल मेबल चालली. हळू, पण चालली. ओढ्यावरच्या ओंडक्यापाशी ती थांबली तेव्हा बाईंचं काळीजही थांबलं. मेबल पाणी प्यायली आणि पुढे निघाली. दुसऱ्यांदा चढावर थांबली, एका दगडाचा वास घेतला, दगडाबद्दल आपलं मत पाण्याच्या रूपात नोंदवलं आणि पुढे निघाली. तिसऱ्यांदा मात्र ती वाटेच्या मधोमध बसली आणि बाईंकडे बघू लागली.

बाई गुडघ्यांवर बसल्या. गुडघ्यांनी निषेध नोंदवला. "मेबल? काही सांगतेयस का मला?"

ऑरिन उगाचच दूरच्या शिखराकडे बघत राहिला.

मेबलनं पंजा उचलला. बोटांच्या मधे राळेचा एक चिकट गोळा अडकला होता. बाईंनी तो नखानं ओढून काढला. मेबल उठली, अंग झाडलं आणि चालू लागली.

"सांगितलं तिनं," ऑरिन म्हणाला. "म्हणाली, जरा लक्ष दे कामात."

बाई इतक्या मोठ्यानं हसल्या, की पुढच्या तीन पेट्यांचं टपाल राहूनच गेलं. आणि ती तीन पेट्यांची शांतता नेमकी बेरीच्या उताराखालच्या वळणावर पडली.

वळण घेतलं आणि वारा फिरला. मेबल जागीच थबकली. कान गेले होते, एक डोळा गेला होता, पण नाक अजून नोकरीवर होतं. नाक वर झालं. मग मान वर झाली. मग दोन वर्षांत जी कुणी उभी पाहिली नव्हती ती शेपटी वर झाली, ताठ, काठीसारखी. आणि मेबल धावली.

नुसती चालली नाही की भरभर चालली नाही. धावली! मागचे दोन्ही पाय अचानक समेट झाल्यासारखे एकत्र पडत होते, आणि झुडपं दोन्ही अंगांनी फाटत चालली होती.

"ऑरिन! ती धावतेय! माझी म्हातारी धावतेय!"

"धावतेय काय! अगं, अस्वलाकडे धावतेय!"

"पण धावतेय ना!"

आणि मग बाईंना अस्वल दिसलं. चाळीस पावलांवर. ग्रिझली. खांद्यांवर मांसाचा डोंगर, आणि तोंड जांभळ्या रसानं माखलेलं, लग्नघरात पंगतीआधीच जिलबीचं ताट सापडलेल्या पाव्हण्यासारखं. त्यानं मान वर केली. आपल्या दिशेनं दुडदुडत येणाऱ्या या पांढऱ्या मिशांच्या म्हातारीचं काय करायचं, हे त्याच्या आईनं त्याला शिकवलं नसावं.

गस ऑरिनच्या मागे गेला आणि त्याच्या बुटांवर बसला.

मेबल अस्वलाच्या अंगावर गेली नाही. तिच्या अंगातली अर्धी जात जागी झाली होती, ती गुरं हाकणारी. ती अर्धवर्तुळ घेत अस्वलाच्या मागे गेली, जशी चुकार गाईच्या मागे जातात तशी, आणि भुंकली. दीड वर्षात ती भुंकली नव्हती. तो आवाज ऐकून बाईंच्या डोळ्यांत पाणी आणि पायांत वीज एकदमच आली.

अस्वल दोन पायांवर उभं राहिलं. मग खाली आलं, दात कटकट वाजवले, जमिनीवर पंजा हाणला. मेबलला त्यातलं काही ऐकूच आलं नाही. बहिरेपणाचे जे काही फायदे असतात ते सगळे तिला त्या मिनिटात मिळाले. ती आणखी एकदा भुंकली. अस्वलानं वळून तिच्यावर दोन झेपा टाकल्या, आणि ती त्या चुकवत बाईंच्या बाजूला सरकली.

"पळू नकोस!" ऑरिन ओरडला.

पण बाई पळत नव्हत्याच. त्या पुढे जात होत्या. फवाऱ्याची खिट्टी काढलेली, हात सरळ, आणि आवाज असा, की एकतीस वर्षांत कुठल्याही पेटीनं ऐकला नसेल. "पेटी सात! हो बाजूला! पेटी आठ! माझी आहे ती! माझी!"

फवारा सुटला. केशरी ढग मेबलच्या डोक्यावरून पुढे सरकला आणि अस्वलाच्या नाकासमोर भिंतीसारखा उभा राहिला. अस्वलानं एकदा हुंगलं, शिंकलं, आणि गर्रकन वळून उतार चढू लागलं. त्याचं ढुंगण झुडपांवरून वर-खाली होत होतं, आणि घाई नसल्याचा आव कुठल्याही कोनातून खरा वाटत नव्हता.

मेबल शिंकत शिंकत परत आली. आपलं काम झालं, आता पुढचं घर, अशा चालीनं. बाईंनी तिला मिठीत घेतलं, मग ओढ्याकाठी नेऊन बाटलीनं तिचे डोळे धुतले, आपलेही धुतले. दोघींच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यातलं मिरचीचं किती हे कुणालाच सांगता आलं नसतं.

"बरं," ऑरिन श्वास गोळा करत म्हणाला. "ते वर गेलं. म्हणजे आपण खाली."

इथे वाद नव्हता. वाटेवर अस्वल दिसलं की मागे फिरायचं. बाईंनी या वेळी निमूट पट्टा काढला आणि मेबलच्या गळ्यात अडकवला. मेबल वाटेच्या मधोमध बसली. तोंड डोंगराकडे. पट्टा ओढला तर हलेना. सॉसेज दाखवलं तर ते खाल्लं आणि पुन्हा वर बघत बसली.

"अगं, चल की," बाई म्हणाल्या. "जिंकलीस तू."

मेबलला जिंकण्यात रस नव्हता. तिला वर जायचं होतं.

शेवटी ऑरिननं आपला कोट काढला, दोन चालायच्या काठ्या त्याच्या बाह्यांतून ओवल्या, आणि खेचरावर सामान बांधायच्या गाठीनं झोळी तयार केली. मेबलला त्यात ठेवलं. पुढून ऑरिन, मागून बाई, मधे राणीसाहेब, आणि राणीसाहेबांचं तोंड अजून मागेच, उताराकडे.

"तीस किलो!" ऑरिन कण्हला. "यापेक्षा खेचर परवडतं. निदान ते आपल्या पायांनी चालतं."

"खेचर अस्वल हाकतं का?"

शंभर पावलांवर गस वाटेत आडवा झाला आणि आपली पाळी कधी येते ते बघू लागला.

"ऊठ रे लबाडा!" ऑरिन गरजला. "एका वेळी एकच म्हातारं!"

सोमवारी सकाळी डॉक्टर ब्रिंकचा फोन वाजला. व्हर्नाबाईंचा नंबर बघून तिनं खुर्ची ओढली, खाली बसली आणि आवाज मऊ केला.

"बोला बाई. किती वाजता येऊ?"

"येऊ नकोस. पंजाला ओरखडा आलाय, त्यावर मलम सांग. आणि अंगावर मिरचीचा फवारा उडाला असेल, तर केस साबणानं धुवायचे का नुसत्या पाण्यानं?"

"मिरचीचा फवारा? कशासाठी?"

बाईंनी सगळं सांगितलं. हातवारे करत, डाव्या हातानं अस्वलाची उंची दाखवत, फोनवर दिसत नाही हे विसरून.

"बाई," डॉक्टर म्हणाली, "पट्टा कुठे होता?"

"खिशात. ओरड हवं तर. चुकलंच माझं. काल दुकानात जाऊन कमरेला बांधायचा आणलाय, जाड. आता ती धावली तर मला घेऊनच धावेल. येत्या रविवारी खालच्या तळ्यापर्यंत जातोय आम्ही. सपाट वाट आहे, झाडी विरळ, लांबचं दिसतं. ऑरिननं झोळीला पट्टे शिवायला घेतलेत."

"बाई, ती चौदा वर्षांची आहे."

"मला माहीत आहे गं. एक दिवस ती सांगेल, तेव्हा तुलाच बोलवीन. पण परवा मी विचारलं, तर तिनं उत्तर दिलंय." मग बाई एकदम घाईत आल्या. "साबण का पाणी, तेवढं सांग लवकर. ती दाराशी उभी राहून नखांनी दार खरवडतेय."