यमुनानगरहून आणलेली सहा लाकडं

अठ्ठ्याऐंशी सालच्या मार्चमध्ये मी चंडीगढहून यमुनानगरला एका दिवसात जाऊन आले. माझा नवरा विनायक विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवायचा. काही लाकडं तरंगतात, काही बुडतात, हे त्याला वर्गात बादली ठेवून दाखवायचं होतं. त्याला परीक्षेची ड्यूटी लागली, म्हणून मी निघाले. "उजेडात परत ये," एवढंच तो म्हणाला. पंजाबात अतिरेक्यांचे दिवस होते; तेव्हा सगळेच एवढं म्हणत.

सतरा सेक्टरच्या स्टँडवरून सकाळची बस घ्यावी. अंबाल्यामार्गे तीनेक तास. अंबाल्यापर्यंत उजवीकडे बसलात तर ऊन लागत नाही. लाकूडबाजार स्टँडपासून सायकलरिक्षाने जवळ आहे, आणि त्याच्या तोंडाशीच छोले-कुलचे मिळतात. स्वस्त आणि गरम. पोटभर खाऊन आत जावं; आत फक्त करवतींचा आवाज आणि भुसा.

एका वखारीच्या मालकांनी, लालाजींनी, सहा ठोकळे कापून वर पेन्सिलीने आकडे घातले. देवदार, पॉप्लर, सफेदा म्हणजे निलगिरी, किकर म्हणजे बाभूळ, शिसम, खैर.

"कतरन के क्या पैसे, बहनजी?"

परतीची बस भरलेली होती. मी उभी. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या सरदारजींनी पिशवीसाठी हात पुढे केले. तिकडे बसलेला माणूस उभ्याचं सामान मांडीवर घेतो. ते सुतार होते, चंडीगढजवळ मनीमाजऱ्याला लेकीकडे निघाले होते. त्यांनी एक ठोकळा काढून हातात तोलला.

"खैर है. डूबेगा."

"क्यों?"

"लकड़ी तो सारी पानी से भारी है, बेटी. तैराती है अंदर की हवा. खैर में हवा को जगह ही नहीं."

विनायकने दोन संध्याकाळी समजावलेलं मला तेव्हा कळलं.

अंबाल्याच्या पुढे तपासणीचा नाका लागला. एक जवान आत चढला. सरदारजींच्या मांडीवरची जड पिशवी त्याने उघडली. आकडे घातलेले ठोकळे.

"किसका है?"

सरदारजींनी माझ्याकडे पाहिलं. बोलले नाहीत. मीही बोलले नाही. जवानाने त्यांना दंडाला धरून खाली नेलं. खिडकीतून दिसत होतं. त्यांना पगडी उतरवायला सांगितलं.

मग मी खाली उतरले आणि पिशवी माझी आहे म्हणाले. मधे किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. पगडी अर्धी सुटली होती, एवढं सांगता येईल.

ही लाकडं वर्गात पाण्यात टाकून दाखवायला आहेत, यावर अधिकाऱ्याचा विश्वास बसेना. त्याने चहाच्या टपरीवरून पाण्याची बादली आणवली. पाच ठोकळे तरंगले. शिसम आणि किकर जेमतेम, पाठ तेवढी वर ठेवून. खैर सरळ तळाशी गेला.

"ओए, ये तो पत्थर निकला!" एक जवान हसला. अधिकाऱ्याने जा म्हणून हात केला.

सरदारजींनी पगडी बांधली, आत येऊन बसले. बस सुटल्यावर त्यांनी पिशवीसाठी पुन्हा हात पुढे केले. मी दिली.

आता त्या रस्त्यावर नाके नाहीत. खुशाल जावं, लाकूडबाजार बघण्यासारखा आहे.

घरी विनायकला मी सगळं सांगितलं, मधला वेळ सोडून. निवृत्त होईपर्यंत तो दरवर्षी ठोकळे बुडवताना ही हकीकत वर्गात सांगायचा. त्याच्या हकीकतीत जवान विचारतो आणि मी लगेच बोलते. मुलं टाळ्या वाजवायची. घरी येऊन तो ते मला कौतुकाने सांगायचा, आणि मी त्याला जेवायला वाढायचे.