हळदीचा साबण लाल झाला तेव्हा

दोन हजार एक-दोन साल असेल. उन्हाळ्यातली टळटळीत दुपार, कासुर्डीचं आमचं घर. सगळे शेतात, लेक झोळीत झोपलेली आणि मी प्लास्टिकच्या टबात साबण करत बसले होते.

दौंडला बचत गटाचं ट्रेनिंग करून आले होते. तिथं साधा पांढरा साबण शिकवला, रंगाचं ज्याचं त्यानं बघायचं. पालकाचा हिरवा चार दिवसांत मातकट पडला, बीटाचा तर सरळ चॉकलेटी झाला... म्हटलं, हळद कुठं जातीय?

तेलात हळद कालवली, वरून कॉस्टिक सोड्याचं पाणी ओतलं. लाकडी पळी फिरवली आणि ते पिवळंधमक तेल डोळ्यांदेखत लाल झालं. रक्तासारखं.

मी पळी टाकून मागं सरले. कारण हा रंग मी महिन्यापूर्वीच पाहिला होता...

लेकीचा ताप उतरेना म्हणून सासूबाईंनी एक देवऋषी बोलावला होता. त्यानं आम्हा बायकांच्या हातांना अंगारा चोळला आणि परातीतल्या पिवळ्या पाण्यात एकेकीला हात बुडवायला लावले. शेजारच्या शालनताईनं बुडवले, पाणी लाल झालं. करणी हिचीच, म्हणाला.

ताप उतरला तो डॉक्टरच्या औषधानं. पण शालनताईशी कुणी बोलेना. बाळंतपणात जिनं मला उठवलं-बसवलं, तिला मीही लेकीजवळ फिरकू देईना.

आणि आता माझ्या हातून तेच लाल... म्हणजे करणी माझ्याच अंगात? घरात चिटपाखरू नव्हतं. झोळी उगाच हलल्यासारखी वाटली. लेकीकडं बघायचंही धाडस होईना, खरं सांगते.

बऱ्याच वेळानं डोकं चालायला लागलं. वाटीत हळदीचं पाणी केलं, कॉस्टिकचा थेंब टाकला... लाल. दुसऱ्या वाटीत सासूबाईंच्या डबीतला चुना टाकला... लाल. मग आठवलं, आमच्या हातांना लावलेला अंगारा करडा होता. शालनताईच्या हातांना लावलेला, चुन्यासारखा पांढराफटक.

भीती गेली नाही. काही न तपासता मी एका निर्दोष बाईला दूर लोटलं होतं, आता मला माझीच भीती वाटायला लागली.

हात धुतले, लेकीला उचललं आणि शालनताईच्या दारात गेले. रडत काय काय बोलले, आठवत नाही. मी लेकीला पुढं केलं, तर तिनं हात मागं घेतले.

"हात लावू का गं? चालंल न्हवं?" म्हणाली.

तिनं मला माफ केलं, ते उपकार जन्मभर राहतील. पण लेकराला हात लावायला तिला विचारावं लागलं... ते माझ्यामुळं.