डोलीतून फेडलेला नवस

पायी चढण्याचा नवस बोललेली बाई डोलीत बसून देवाला गेली, हे मी आजवर कुणाला मोकळेपणाने सांगितलेले नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. मी सिल्वासाला सरकारी शाळेत शिक्षिका होते. मुलगा टायफॉईडने अंथरुणाला खिळला तेव्हा दत्तमहाराजांना नवस बोलले, "पोर वाचू दे, गिरनार माझ्या पायांनी चढेन." पोर उठले, खेळू लागले. मी मात्र आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. त्याला पुन्हा ताप भरला तेव्हा नवस आठवला. ताप उतरताच शेजारच्या वहिनींना सोबत घेऊन निघाले.

गिरनारच्या अर्ध्या चढावर, अंबाजीच्या देवळापुढे गुडघ्याने दगा दिला. पाय टेकवेना. पायरीवर बसून रडले. तेवढ्यात वरून रिकामी डोली घेऊन दोघे उतरताना दिसले, एक पिकल्या मिशांचे काका आणि त्यांचा जावई. मी नको नको म्हणत होते. वहिनी खेकसल्या, "अहो बाई, इथेच संसार थाटणार का? बसा मुकाट्याने!"

बसले. मी काही अंगाने चिमणी नव्हे. दांडा करकरायचा, काकांच्या खांद्यावरचा घट्टा समोर दिसायचा. खांदा बदलताना दोघे "जय गिरनारी" म्हणायचे आणि मी शरमेने डोळे मिटून घ्यायचे. शेवटी न राहवून काकांना सांगून टाकले, माझा नवस मोडला. सिल्वासात राहून गुजराती येत होतेच. काका धापा टाकत म्हणाले, "बेन, दांडो खभे होय त्यारे पगथियां बेसनारनां." म्हणजे दांडा खांद्यावर असताना चढलेल्या पायऱ्या बसणाऱ्याच्या नावावर पडतात. नवस मोडलेला नाही, चिंता करू नका.

मला हायसे वाटले, आणि लगेच त्या हायसे वाटण्याचीच लाज वाटली. हा माणूस जन्मभर गिरनार चढतो आहे आणि त्याच्या पदरात एक पायरीही नाही!

शिखरावर दत्तमहाराजांच्या पादुकांपुढे मुलाचे नाव ओठांवर आले. नवस फिटला, एवढेच म्हणायचे होते, ते म्हणवेना. नवस राहिला म्हटले तर पोराला काही होईल ही भीती वाटत होती, खोटे कशाला बोलू, आईच मी. तरी म्हटले, "महाराज, आजच्या पायऱ्या त्या दोघांच्या. माझा नवस राहिला. पोर तुमच्या पायांवर घातले, सांभाळा."

बाहेर आल्यावर काकांनी विचारले, "नवस फेडून आलात ना?" मी नुसती मान डोलावली. खरे सांगण्याचा धीर झाला नाही, आणि उतरतानाही त्यांच्याच खांद्यावर बसले.

पुढे गुडघ्याने कधी साथ दिली नाही. गिरनार राहिला तो राहिलाच. मुलगा पुढे वाढून माझ्याहून उंच झाला. त्या दिवशी ती रिकामी डोली कुणी धाडली, हे मी कधी विचारत बसले नाही. नवस फेडून मोकळी झाले असते तर कदाचित महाराजांना विसरलेही असते. आता सकाळी दिवा लावताना आधी मान खाली जाते, मग हात जुळतात.