उकडलेलं नायलॉन

"मॅडम, सही करा. गाडी उभी आहे," मालक म्हणाले. मी पेनाला टोपण लावून ते पर्समध्ये टाकलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शिरूरजवळच्या आमच्या छोट्या कारखान्यात नायलॉनचे पार्ट बनत आणि क्वालिटीची सही माझी असे. हा पार्ट म्हणजे कडबाकुट्टी मशीनच्या गार्डची खिट्टी. गार्ड म्हणजे फिरत्या पात्यांपुढचं झाकण. खिट्टी तुटली की झाकण उघडतं आणि वैरण लोटणारा हात थेट पात्यांपाशी जातो.

साच्यातून निघालेलं नायलॉन कोरडं असतं आणि फटक्याला तडकतं. पाणी प्यायलं की चिवट होतं. म्हणून डिस्पॅचच्या आधी आमच्याकडे कॅन्टीनच्या पातेल्यात खिट्ट्या उकडायचे. 'शेंगा शिजल्या का?' म्हणून सगळे हसायचे. माल गिऱ्हाइकाच्या हातोड्याखाली झकास पास व्हायचा. पण ही मशीनं चालायची त्या दौंडकडच्या उन्हाळ्यात ते पाणी उडून जातं. नुसती वेळ मारून न्यायची, याचा मला भयंकर संताप यायचा.

मी म्हटलं, नायलॉनमध्ये रबर मिसळू. मालकांनी स्वस्तातला रबराचा चुरा आणला. साधं रबर नायलॉनला धरत नाही, पार्टचे पापुद्रे सुटले. 'झालं तुमचं रबर?' म्हणून त्यांनी विषय संपवला. मी नाही संपवला. नायलॉनशी रासायनिक बंध जोडणारं खास रबर मिळतं. त्याचे बारीक कण आत सगळीकडे पसरले की फटका ते झेलतात आणि चीर पुढे जात नाही. सप्लायरकडून सॅम्पल मागवून मी खिट्ट्या काढल्या. मालकांचं एकच, महाग पडतं.

मालकांनी सही मागितली त्या दिवशी माल न्यायला आमचं गिऱ्हाईक, म्हणजे मशीन बनवणारे आप्पा, स्वतः वरवंडहून आले होते. मी उकडलेल्या आणि रबरवाल्या, दोन्ही खिट्ट्या आधीच ओव्हनमध्ये वाळवल्या होत्या. त्या आप्पांपुढे ठेवल्या, सांगितलं की उन्हाळ्यात त्या अशाच कोरड्या होतील, आणि हातोडा दिला. उकडलेल्या एकामागून एक फुटल्या. रबरवाली घाव सोसून नुसती पांढुरकी झाली.

"मंग आजवर पास कशा झाल्या?" आप्पांनी विचारलं.

"उकडून," मी म्हणाले.

मालक दातओठ खात म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

"नाही येत. पण सहीही करत नाही."

आप्पांनी फुटका तुकडा टेबलावर ठेवला. "शेठ, पहिलं मशीन माझ्याच गोठ्यात हाय. कुट्टी माझी कारभारीण करती. ह्या बाई न्हाईत, तर आपला येव्हार न्हाई."

गाडी रिकामी परत गेली. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम वेळेवर कामावर गेले, मालकांनी हजेरीवही माझ्यापुढे सरकवली. पुढे रबरवालीच खिट्टी सुरू झाली. विकलेल्या मशीनच्या खिट्ट्याही आप्पांनी आमच्याकडूनच बदलून घेतल्या.

माल आपल्या टेबलावर पास होऊन भागत नाही, तो गोठ्यात पास व्हावा लागतो. त्या वर्षी सगळ्यांना पगारवाढ मिळाली, मला नाही. मालक म्हणाले, तुमची रबरात गेली. मी म्हटलं, मग चांगल्या ठिकाणी गेली.