नोलारीचा झिरा

नदी कोरडी पडली की गुरं राखणारी सांबुरू माणसं पाण्यासाठी तिच्या वाळूत झिरे खणतात. प्रत्येक घराचा झिरा वेगळा. मालकानं हो म्हटल्याशिवाय दुसरं कुणी त्यात पाय घालत नाही. नोलारीच्या घरचा झिरा तिच्या सासऱ्यानं खणलेला. दर उन्हाळ्यात तो नव्यानं उपसायचा. एरवी हे पुरुषांचं काम, पण नवऱ्याच्या, लेकुपेच्या मांडीत म्हशीनं शिंग घातलं तेव्हापासून त्याचा एक पाय काठीसारखा झाला होता. रानम्हैसच ती, तिला काय बोलणार. मुली सासरी गेल्या, मुलगा झाला नाही. मग नोलारी स्वतःच कुदळ घेऊन खाली उतरली. पहिल्या वर्षी बायका तोंडाला फडकं लावून हसल्या.

"काय गं, गळ्यातल्या माळा काढून ठेवल्यास का? उद्या दाढीपण येईल."

"येऊ दे," ती खालून म्हणाली. "तुझ्या नवऱ्याला नाही येत, त्याला देईन थोडी."

त्यानंतर कुणी हसलं नाही.

यंदाचा उन्हाळा मात्र दोन पावसाळे गिळून बसला होता. नदीच्या पलीकडं अभयारण्य. तिथलं गवतही संपलं होतं आणि हत्ती रोज रात्री नदीत उतरत होते. गुरं पाजून झाली की हत्तींसाठी डोणीत थोडं पाणी ठेवायचं, ही सासऱ्याच्या वेळची रीत. हत्ती पूर्वी माणसांच्या घरात राहत होता, सरपण वाहत होता, बाईशी भांडून रानात गेला, असं तिथं लहान पोराला सुद्धा ठाऊक. रुसून गेलेल्या माणसाला पाणी तरी ठेवावं, एवढंच. पण आता झिऱ्याच्या तळाला पाणी भोपळ्याच्या वाटीनं खरवडून काढावं लागे. गोठ्यात तीनच गायी उरल्या होत्या आणि त्यातली तांबडी गाभण होती. नोलारीनं त्या संध्याकाळी डोण उपडी घातली.

"ते येतील," लेकुपे म्हणाला.

"येऊ देत. माझ्या गायीच्या पोटातलं पाणी मी त्यांना देणार नाही."

लेकुपे काठी टेकत घराकडं वळला. पाणी काढणारी ती होती.

ते आले. डोणीत काही नाही म्हटल्यावर झिऱ्याच्या तोंडाशी गेले असतील. तोंडावर टाकलेली काट्यांची फांदी बाजूला फेकलेली होती. उजाडताना नोलारी गायी घेऊन पोचली, तर एक हत्तीण काठावर गुडघे टेकून सोंड आत घालून बसलेली आणि खालून, आत पडलेल्या पिल्लाचा, वासराच्या हंबरण्यासारखा आवाज. हत्तीण हलली की कडेची वाळू घसरून आत पडत होती.

नोलारीनं गायी मागं वळवल्या आणि शेजारच्या लोलोकुलेच्या पोराला अभयारण्याच्या चौकीवर पिटाळलं.

रक्षक आले तेव्हा ऊन अजून अंगावर आलं नव्हतं. त्यांचा म्होरक्या लेतोइये हा तिच्याच कुळातला. त्यांनी गाडीनं गोंगाट करून हत्तिणीला पलीकडच्या काठावर रेटलं. ती तिथून पुढं जाईना. लेतोइयेनं झिऱ्यात डोकावून पाहिलं आणि तो नोलारीकडं आला.

"येयो," तो म्हणाला. आईच्या वयाच्या बाईला ते असंच बोलावतात. "पिल्लू अगदी तान्हं आहे. दोरानं ओढलं तर भिंत त्याच्या अंगावर येईल. एका बाजूनं उतार खणून बाहेर चालवावं लागेल."

"म्हणजे झिरा गेला."

"गेला. आम्ही माणसं देऊ, पुन्हा खणू."

"खणाल. तोवर माझ्या गायी काय पितील, तुझी गाडी?"

लेतोइये हसला नाही. त्याच्याही घरी गायी होत्या.

"आधी मी त्यांचं पाणी काढून घेते," ती म्हणाली. "तळाला असेल तेवढं. मग फोडा."

"येयो, त्याला रात्रभर दूध नाही."

"माझ्यांनाही दोन दिवसांत पोटभर पाणी नाही."

रक्षकांनी एकमेकांकडं पाहिलं. झिरा तिचा होता. फावडी टेकवून ते वाट बघत बसले.

न्काईचं, तिच्या देवाचं नाव घेऊन नोलारी खाली उतरली. एरवी तिथं दोन माणसं जेमतेम मावायची. आता भिंत आणि पिल्लू यांच्या मधल्या फटीत ती वाकून बसली. पिल्लाच्या पायांनी सगळा चिखल झाला होता. ती हातानं खळगा करी, त्यात पाणी निथळून येईपर्यंत थांबे, वाटीनं उचले आणि दोराला बांधलेल्या चामड्याच्या बादलीत ओती. एव्हाना मागून पोचलेला लेकुपे वर बसल्या बसल्या दोर ओढत होता. पिल्लाला सोंडेनं प्यायचं अजून ठाऊक नव्हतं. त्यानं तिचा हात तोंडात घेतला आणि चोखू लागलं. जीभ कोरडी, खरखरीत. तिनं हात काढून घेतला. ते पुन्हा शोधू लागलं. तिनं त्याचं डोकं कोपरानं बाजूला सारलं आणि वाटी भरली.

"झालं का?" वरून लेतोइये.

"अजून थोडं."

"येयो, बसलं बघा ते."

तिनं पाहिलं. पिल्लानं पाय मुडपले होते. तिनं आणखी एक वाटी भरली. ती पिल्लाला द्यावी असं तिला वाटलं की नाही, हे तिनं पुढं कधी कुणाला सांगितलं नाही. ती वाटी बादलीत गेली.

मग भिंत फोडून उतार केला, त्यात दुपार झाली. चार माणसांनी पिल्लू जवळजवळ उचलूनच वर आणलं आणि गाडी दूर नेली. हत्तीण धावत आली. पिल्लू वाळूत आडवं झालं होतं. तिनं सोंड त्याच्या पोटाखाली घातली, मग पुढच्या पायानं त्याला उठवू लागली. अर्धं उठे आणि पडे. मागून दुसऱ्या हत्तिणी आल्या. कळपाच्या गर्दीतून मग काही दिसेना.

बादलीतल्या पाण्यानं तिन्ही गायींचे घसे तेवढे ओले झाले. आता एकच वाट उरली, नदीतूनच वर लोलोकुलेच्या झिऱ्याकडं. त्यानं पाणी देऊ केलं होतं, त्याची गुरं पिऊन झाल्यावर. नोलारी गायी हाकत निघाली, लेकुपे काठी टेकत मागं. पहिल्याच वळणावर तांबडी बसली. नोलारीनं तिला शेपटीकडून उचललं, खांदा लावला, पोटाखाली गुडघा घालून रेटलं. गाय मागच्या पायांवर उठली, क्षणभर उभी राहिली आणि कोसळली.

लोलोकुले समोरून आला. त्यानं गायीचे डोळे पाहिले.

"नाही चालणार ही," तो म्हणाला. "जीव आहे तोवर कापू. मेल्यावर कुणाच्या उपयोगाची?"

"आत वासरू हललं सकाळी," लेकुपे म्हणाला.

"आत्ता हलतंय?"

लेकुपेनं गायीच्या कुशीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग त्यानं तो काढून घेतला.

नोलारी वाळूत बसली. तिनं गायीचं डोकं मांडीवर घेतलं. तिथून हत्तींचा कळप दिसत होता. तो हलला नव्हता. लोलोकुलेनं सुरी काढली.

"थांबा," ती म्हणाली. तिनं गायीचं तोंड दुसऱ्या बाजूला वळवलं आणि घट्ट धरलं. "हं. आता."

पुढं उरलेल्या दोन गायींना घेऊन ती वर गेली. अंधाराआधी त्यांना लोलोकुलेच्या गुरांमागं रांगेत उभं करायचं होतं.