टाचेचं माप

खडकी बाजारात माझं सीट कव्हरचं दुकान आणि त्याला लागून संभाजी खरातचं पिशव्यांचं. तीस वर्षं आमची मशिनं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना चालली, आणि त्यातली निदान वीस वर्षं मी त्याच्यावर जळत होतो. आता वय झालं, कबूल करायला हरकत नाही.

संभाजी सायकलच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी लटकणाऱ्या कॅनव्हासच्या पिशव्या शिवायचा. दारूगोळा फॅक्टरीतले कामगार त्याचं गिऱ्हाईक. सायकल खड्ड्यातून उडाली तरी त्याची पिशवी जागची हलायची नाही, आणि फाटकावर झडतीला मात्र एका हाताने निघायची. माप घ्यायची त्याची तऱ्हा वेगळीच होती. सायकल स्टँडवर लावून गिऱ्हाइकाला वर बसवायचा, पायडल उलटं फिरवायला सांगायचा आणि शेजारी उकिडवा बसून कॅरिअरवर खडूने खूण करायचा. पिशवीला कसलं आलंय माणसाचं माप? मी त्याला नाटक म्हणायचो, तेही त्याला ऐकू जाईल असं.

नव्वदनंतर कामगारांच्या दारात स्कूटरी आल्या आणि माझे दिवस पालटले. संभाजीकडे दिवसभरात माणूस फिरकेना. मी त्याला मुद्दाम माझ्या गिऱ्हाइकांसमोर चहाला बोलवायचो. तो यायचा, मजेत चहा प्यायचा आणि माझ्या शिलाईचं कौतुक करून जायचा. त्याचा तर मला जास्तच राग यायचा.

मग आयटीतली पोरं सायकलवर आली. मोटारसायकलच्या किमतीच्या सायकली घेऊन ती संभाजीच्या दारात थांबायला लागली. बाहेरून मागवलेल्या बॅगा काकांच्या पिशवीपुढे काहीच नाहीत, असं एकजण म्हणाला. त्या दिवशी मी जेवलो नाही. बायकोला, शैलाला, पित्त झालंय म्हणून सांगितलं.

दसऱ्याला संभाजी नागपूरला गेला, तेव्हा फॅक्टरीतून निवृत्त झालेला रंगनाथ संभाजीने शिवलेली आपली जुनी पिशवी माझ्याकडे टाकून गेला. पट्टा तुटला होता. मी पट्टा लावला, पण त्याआधी अख्खी पिशवी उसवून कागदावर उतरवून घेतली. तोच हुक, तेच झाकण, कापड मात्र भारी. वर माझ्या दुकानाचं लेबल. संभाजीला शोधत आलेल्या सौमित्र नावाच्या पोराला जोडी विकली. आम्ही दोघं एकच, असं वर सांगितलं.

पहाटे महाबळेश्वरला निघालेला सौमित्र कात्रजच्या घाटातून परत आला.

"काका, दर पायडलला माझी टाच बॅगवर आपटतेय."

त्याच्या बुटाचा नंबर अकरा. रंगनाथचा सहा. तीस वर्षं ज्याला नाटक म्हटलं, ती खडूची खूण कशाची होती ते मला त्या बुटाकडे बघून कळलं. मी एका बुटक्या माणसाची पिशवी ताडमाड पोराला विकली होती. रविवारपर्यंत दुरुस्त झाली नाही तर सायकलवाल्यांच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना दुकानाचं नाव कळवतो, असं शांतपणे सांगून तो गेला.

हुक कुठे सरकवायचा ते मला जमेना. शेवटी संभाजी परतल्यावर जोडी त्याच्यासमोर ठेवली. सौमित्रच्या टाचेचं सांगितलं. त्याने हुकावरून बोट फिरवलं.

"ही रंगनाथची आहे," तो म्हणाला. "त्या पोराला सायकल घेऊन बोलव."

चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. सौमित्र आला, सायकलवर बसला, आणि संभाजी गुडघे धरत खाली उकिडवा बसला. हुक मागे सरकवले, पुढचा कोपरा तिरका कापला.

रविवारी सकाळी जोडी माझ्या टेबलावर होती. माझं लेबल तो काढून टाकणार, अशी माझी खात्री होती. काढलंच होतं त्याने. मी घाईत ते वाकडं लावलं होतं. त्याने उसवून सरळ शिवलं होतं.